घोडा उतरवताना

५ जानेवारी, सोमवार

अण्णांचं रिव्हॉल्वर आज पेटीतून काढलं. अण्णा जाऊन पाच वर्षं, लायसन माझ्या नावावर होऊन चार. तेव्हापासून इलेक्शनला ठाण्यात जमा करायचं नि परत आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. अण्णा, माझे वडील, गावचे पोलीस पाटील, पण त्यांनीही ते कधी कुणावर काढल्याचं ऐकलं नाही.

जुन्या तऱ्हेचं आहे. नुसता चाप दाबून काही होत नाही. दर गोळीला आधी अंगठ्यानं मागचा घोडा ओढायचा, तो कट् करून बसतो, मग चाप. ओढला आणि मारायचं नसलं तर घोडा हातानं उतरवावा लागतो. अण्णांनी शिकवलेलं – डाव्या हाताचं बोट मधे घालायचं, मग चाप दाबून उजव्या अंगठ्यानं हळू सोडत आणायचा. रिकाम्यावर वीस वेळा केलं. अंगठा ठणकतोय.

का काढलं ते लिहून ठेवते. काल वाळूवाला कैलास फाटकात आला. म्हणाला, "सिस्टर, अर्ज माघारी घ्या. एकट्या राहता तुमी." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

७ जानेवारी

विहिरीची मोटर परत उघडी पडली. नदीतली वाळू गेली तसं विहिरीचं पाणी गेलं. सिंदफणेला आमच्या काठानं आता पुरुषभर खड्डे आहेत. तहसीलला अर्ज दिला तो यासाठीच. वाळू नेणारे तीन ट्रॅक्टर आहेत आणि ते कैलासचे हे गावाला पाठ आहे, पण अर्जावर सही माझी एकटीची. गाव तरी कुठंय? निम्मं ऊसतोडीला गेलंय. राहिलेत ते म्हातारे.

शिरूरहून रफिक आला, मोटर दोन फूट खाली सोडून गेला. पंधरा वर्षं आमच्या मोटरी तोच बघतो. त्याच्या चारी लेकरांची बाळंतपणं माझ्याच हातची, म्हणून मजुरीचं नाव काढलं की रागावतो. विहिरीवर नेलेली माझी पिशवी उचलून द्यायला गेला आणि थबकला.

"आक्का, यात काय हाय एवढं जड?"

सांगितलं. त्यानं पिशवी जपून खाली ठेवली. मग म्हणाला, "कावून? माणसं कमी हायेत का आपल्याकडं?"

१० जानेवारी, शनि.

सोबत घेऊन पहिल्यांदाच शिरूरला गेले. लसीकरणाला न्यायची ती जुनी खांद्याची पिशवी. आत टॉवेल, टॉवेलात ते. भरताना एक घर रिकामं ठेवते, घोड्याखालचं.

एसटीत पिशवी मांडीवर घेतली. शेजारची बाई म्हणाली खाली ठेवा की मावशी. नाही ठेवली. आज एक लक्षात आलं. मी माणसांच्या तोंडाकडं बघतच नव्हते. हातांकडं बघत होते. कुणाचा खिशात, कुणाचा पाठीमागं. बत्तीस वर्षं नोकरी केली, नाडी बघायला हात धरले लोकांचे. असे कधी बघितले नव्हते.

खांदा भरून आलाय. BP ची गोळी घेतली नव्हती. आता घेतली.

१४ जानेवारी

संक्रांत. दरवर्षी गल्लीतल्या पोरींची रांग असते तिळगूळ द्यायला. आज तिघीच आल्या. त्यातली एक दारातूनच, "सिस्टर, ते खरंच हाय का तुमच्याकडं?"

कैलासच्या पोरी आल्या नाहीत. दोघींना डोस मीच पाजलेत.

१७ जाने.

स. सात वाजता नदीवर दोन ट्रॅक्टर. काठावर जाऊन उभी राहिले, नंबर लिहून घेतले. कैलास खालूनच ओरडला, "पिशवीत काय हाय ते माहीत हाय आमाला. तुमच्यानं हुणार न्हाई ते."

घरी येईपर्यंत चालत राहिले नीट. मग ओट्यावर बसून ते नंबर अर्जाच्या प्रतीवर उतरवले.

रफिकला कुणीतरी कळवलं. फोनवर म्हणाला, विहिरीवर एकट्या जायचं नाही, मी येत जाईन.

२२ जानेवारी, गुरुवार

परवाचं आज लिहिते.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास रफिकच्या मोटरसायकलवर विहिरीवरून परत येत होतो. नदीच्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा. कैलास एकटाच, हातात टॉमी, टायर काढायची लोखंडी पहार. आधी गाडीचा हेडलाइट फोडला. मग रफिकला, "तू कोण बे मधी? तुजं गाव हाय का हे?" रफिक म्हणाला, "बाई म्हातारी हाय, जाऊ दे." कैलासनं टॉमी डोक्याच्या वर उचलली. खोटं नाही लिहीत, तो मारणार होता. डोळे तसेच होते.

मी उतरले. काढलं. घोडा ओढला. त्या आवाजानंच तो थांबला. लोखंड खाली पडलं. "सिस्टर, न्हाई, न्हाई." दोन्ही हात पुढं करून मागं सरकत गेला, ट्रॅक्टरवर चढला, गेला. ट्रॅक्टर वळणापलीकडं जाईपर्यंत मी तशीच उभी.

म्हणजे संपलं होतं. हे मला स्वतःला सारखं सांगावं लागतंय. संपलं होतं.

घोडा वरच होता. डाव्या हातात पिशवी. बोट मधे घालायचं, आधी पिशवी खाली ठेवायची, एवढंच करायचं होतं. मी नुसत्या अंगठ्यानं सोडायला गेले. अंगठ्याला घाम. निसटला.

रफिक खाली बसून काचा गोळा करत होता, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. आवाज झाला तेव्हा मला वाटलं गाडी पडली. मग त्यानं नडगी धरली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, लागलं वाटतं."

पदर फाडून बांधलं, दाबून धरलं. ते हातांना येतं. गोळी आरपार, कुठं वाळूत गेली कोण जाणे. फोन करून गावातल्या पाटलांची जीप बोलावली, त्याला बीडला नेला. वाटेत तो मलाच धीर देत होता.

दवाखान्यात पोलीस विचारायला आले. कुणी मारली? रफिक म्हणाला, "कैलासनं."

मी सलाइनची बाटली धरून उभी होते. मी काहीच बोलले नाही.

२५ जानेवारी

नडगीचं हाड फुटलंय. रॉड घातला. डॉक्टर म्हणाले चालेल, पण उकिडवं बसणं अवघड. मोटरीचं काम उकिडवं बसल्याशिवाय होत नाही.

कैलासला आष्टीहून धरलं, सासुरवाडीतून.

रफिकपाशी एकटी होते तेव्हा विचारलं, का सांगितलंस असं. म्हणाला, "मारायलाच आलता ना त्यो? तुमी नसता तर मी तिथंच पडलो असतो. मंग? लायसन जाईल तुमचं, पेन्शनीचं काय हुईल. आन त्यो आत बसला तर नदी तरी वाचंल."

"पण काडतूस एक कमी आहे, रफिक."

"हवेत मारलं म्हणा. भ्या दाखवायला."

त्यानं सगळा विचार करून ठेवलाय. पडल्या पडल्या. माझ्यासाठी.

२८ जाने.

आठवडा झाला, नदीवर एक ट्रॅक्टर नाही. स. काठावर गेले होते. टिटव्या होत्या. इतकी शांत नदी कितीतरी दिवसांनी बघितली, आणि मला ती बघवेना.

देवळापाशी म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. तात्या म्हणाले, "सिस्टर, तुमच्यामुळं सुटलो." कुणी चहा आणला. प्याले.

ठाण्यातून फोन. रिव्हॉल्वर दहा दिवसांत तपासणीला जमा करा. "काढलं होतं का तुम्ही?" म्हटलं, काढलं होतं. पुढचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते, ठरवलेलं नव्हतं. ठरवलेलं होतं. हवेत.

३१ जानेवारी, शनिवार

मनीषा आली, कैलासची बायको. धाकटी काखेत. बसली नाही.

"सिस्टर, माजा माणूस गुंड हाय. मला ठाव हाय, मी रोज बघते. टॉमीनं मारला म्हणाले असते तर मी आलेच नसते. पण बंदूक त्याच्यापाशी नव्हती. घरात कधी नव्हती. तुमी तिथं व्हत्या. तुमी बघितली का?"

मी म्हटलं, पाणी घेतेस का?

मी हे म्हटलं. लिहून ठेवते, नाहीतर पुढं मला खरं वाटणार नाही.

तिनं पाणी घेतलं नाही. जाताना पोरगी माझ्याकडं बघून हात हलवत होती, शिकवल्यासारखी.

२ फेब्रुवारी

रफिकला घरी सोडलं. शिरूरला गेले. बाजेवर होता, पाय उशीवर. सांगितलं, मी खरं लिहून देणार आहे.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. छताकडं बघत म्हणाला, "मंग मी खोटा पडलो की. पोलिसांम्होरं खोटी जबानी. मला काय म्हणतील?"

याचा विचारच केला नव्हता मी. पंधरा दिवस माझंच पाप मोजत होते. त्यानं माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःला त्यात अडकवलंय, आणि मी खरं बोलले की अडकणार तोच.

नसीम, त्याची बायको, आतून ऐकत होती. तिनं आजवर कधी माझ्यापुढं आवाज चढवला नव्हता. "बाई, पांव तो गया उनका. अब उनकू जेल में भी डालते क्या? तुमारे दिल कू हलका करने कू?"

तिची चारी लेकरं माझ्याच हातची, तिचा हात मी किती वेळा धरलाय. आज तिनं तो मागं घेतला.

३ फेब्रु.

झोप नाही. जेवण नाही.

कैलास आत आहे ते बरं आहे. हे पण खरं. तो सुटला की पहिल्यांदा कुठं येईल ते मला माहीत आहे. तेव्हा पिशवीत काही नसेल.

नसेल तर नसेल.

बत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलं. जे झालं ते, ज्या वेळी झालं त्या वेळेसकट. बाळ गेलं असेल तर गेलं असंच. लोक पाया पडायचे, तेवढं नका लिहू म्हणायचे. मी लिहायची. फार कडक होते मी दुसऱ्यांच्या बाबतीत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ठाण्यात जाऊन आले. दोन पानं. माझ्या हातून सुटलेली गोळी, माझा अंगठा, कैलासच्या हातात टॉमी होती आणि तो मारायला आला होता हेही, आणि तो मागं फिरल्यावर काय झालं तेही. दवाखान्यात मी गप्प उभी राहिले ते शेवटी. रिव्हॉल्वर, नऊ काडतुसं, एक रिकामं. पावती घेतली.

साहेबांनी दोनदा वाचलं. तरुण आहेत. चश्मा काढून म्हणाले, "रफिकनं कैलासचं नाव घेतलं, ते तुम्ही सांगितलं म्हणून का?"

हो म्हटलं तर रफिकवरचं माझ्यावर येतं. मला ते हवंही आहे. पण मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायला आले आणि चौथ्या मिनिटाला परत खोट्याच्या दारात.

मी म्हटलं, त्याला ताप होता, गोळी लागून तीन तास झाले होते.

"मी ते नाही विचारलं, बाई."

मग स्वतःच म्हणाले, उद्या अकराला दोघं या, त्यांचा जबाब परत घेऊ. तेव्हा तुम्ही पण सांगा.

संध्याकाळी पाचला फाटकाशी रिक्षा थांबली. रफिक. दोन कुबड्या, रिक्षावाल्यानं धरून उतरवला. आत ये म्हटलं, आला नाही. फाटकाला टेकून उभा राहिला.

"दिलं लिहून?"

"दिलं."

"माजं बी?"

"माझं सगळं दिलं. तुझं तू सांगायचंस, उद्या ठाण्यात बोलावलंय दोघांना."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"नसीम बोलली त्याचं मनावर घेऊ नका," म्हणाला. मग, "उद्या कितीला?"

"अकरा."

"मी येतो परस्पर. तुमी एसटीनं या, उन्हात चालत येऊ नका."

काय सांगणार आहे, ते मी विचारलं नाही. मी काय सांगणार, ते त्यानं विचारलं नाही. रिक्षात बसताना पाय आत घ्यायला जमेना, मी वाकून उचलून ठेवला. त्यानं ठेवू दिला.

साडेनऊची गाडी आहे.