न फाटणारा बॅनर

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, एकही दिवस चुकवणार नाही. मुलांना चिकाटी शिकवायची तर सुरुवात घरापासून.

स्काउट हॉलमधले नऊ कब, म्हणजे छोटे स्काउट, या टर्मला माझ्या ताब्यात. वयं आठ ते दहा. विषय मीच निवडला: खेळ आणि चिकाटी. दर गुरुवारी एक खेळ, एक हस्तकला. शेवट ७ सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सेमीफायनलला. मॅचआधी आपले खेळाडू जो भलामोठा कागदी बॅनर फाडत मैदानात शिरतात, तो यंदा कब बनवणार. आणि फाडायला सगळ्यांत पुढे कबच धावणार. त्यांच्या पुढे मी. केल नावाचा क्लबचा अध्यक्ष आहे, त्याला तीन बिअर पाजून कबूल करून घेतलंय.

केल म्हणाला, धाव की बाबा, पण ह्या वेळी मधून धाव.

खुलासा एकदाच लिहून ठेवतो. बत्तीस वर्षांपूर्वी मी सीनियर संघात पहिली मॅच खेळलो. ज्याची पहिली मॅच असेल त्याने सर्वांत पुढे धावायचं, अशी आमच्या वांडारी गावाची रीत. मी धावलो आणि बॅनरच्या बाजूने वळसा घालून आत गेलो. माझ्या मागून सवयीने अर्धा संघ. बॅनर तसाच उभा. कारण साधं होतं, ऊन डोळ्यांवर येत होतं. तेव्हापासून गावात मला नेव्हिल कोणी म्हणत नाही. वळसा म्हणतात. पाद्रीसुद्धा.

७ सप्टेंबरला दुपारी दोन वाजता हे नाव संपणार.

गुरुवार, ८ ऑगस्ट. संध्याकाळी ८
मधले दोन दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. ह्याला खंड म्हणत नाहीत.

आज रस्सीखेच. उत्तम झाली. फक्त टालुलाचा गट हरायला लागला, तेव्हा तिने दोराचं टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला बांधलं. टालुला म्हणजे सर्वांत लहान कब, आठ वर्षांची, वजन एका गव्हाच्या पोत्याच्या निम्मं. दुसऱ्या टोकाला ब्रॉक. ब्रॉक दहाचा आहे, पण माझे बूट त्याला होतात. ब्रॉकने ओढलं. दार बिजागऱ्यांसकट निघालं आणि माझ्या पायावर आलं. अंगठ्याचं नख गेलं.

टालुलाला विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली, तूच म्हणालास ना, काही झालं तरी सोडायचं नाही.

हस्तकला: कागदाच्या लगद्याचे विजयचषक. ओले होते तोवर ठीक. वाळल्यावर दगड झाले. ऑटो आणि आयव्ही ह्या जुळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर वाजवून खात्री केली. दोघांनाही टेंगूळ आलं, दोन्ही चषक शाबूत. गोंदाचं प्रमाण बरोबर बसलं म्हणायचं.

मिसेस पास्को ह्या आमच्या ग्रूपच्या प्रमुख, वय चौऱ्याहत्तर. अपघातांची वही त्या ठेवतात. त्या म्हणाल्या, नेव्हिल, ही वही मी पंचवीस वर्षांपूर्वी आणली आणि आज पहिल्यांदा पान उलटलं.

मला पूर्ण नेव्हिल म्हणणाऱ्या त्या एकट्याच. कब नेव म्हणतात.

गुरुवार, १५ ऑगस्ट
सबंध आठवडा लिहिलं नाही. डेल्मा म्हणाली, नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुझे चार पण नाही झाले. डेल्मा माझी बायको. दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे बोलण्यात मलमपट्टी कमी, स्पिरिट जास्त.

हॉलच्या पुढच्या फाटकावर मॅगपायने घरटं केलंय. ऑगस्ट लागला की हा पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. मागून येतो, भ्याड. म्हणून हस्तकला: आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांच्या टोप्या, मागच्या बाजूला मोठे डोळे रंगवलेले. आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटलं की तो येत नाही. मुलांनी झकास रंगवले. टालुलाच्या डोळ्यांना भुवया आहेत, त्याही रागावलेल्या.

खेळ: फाटकापासून अडथळ्यांची शर्यत. मी डबा घातला नाही. नेत्याने पाखराला घाबरून कसं चालेल? पाखरू आलं. एकदा, दोनदा, टकलावर, नेमकं तिथेच. मी जमिनीवर पडलो तसे नऊच्या नऊ कब मला वाचवायला धावले आणि मॅगपायला चषक फेकून मारू लागले. पक्ष्याला एकही लागला नाही.

पाच टाके. त्यांतले दोनच पक्ष्याचे. डेल्मा टाके घालताना म्हणाली, हसवू नकोस, सुई हलते. मी काही बोललोच नव्हतो.

पण मुलं पळाली नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

गुरुवार, २२ ऑगस्ट
बॅनरचा श्रीगणेशा. सहा मीटर रुंद, चार मीटर उंच. हॉलभर चिकटपट्टीची जाळी अंथरली, वर क्रेप कागद. मजकूर मुलांनी ठरवला: हार मानू नका, वांडारी. मी आणखी तीन ओळी सुचवल्या होत्या. नको म्हणाले.

साडेसहाला 'हा' कोणी रंगवायचा ह्यावरून जुळ्यांत जुंपली. आयव्हीने ऑटोचा कान धरला, ऑटोने तिची वेणी, आणि दोघं 'हा'पासून 'री'पर्यंत लोळत गेली. सोडवायला ब्रॉक गेला. ब्रॉकला सोडवायला मी. पहिला बॅनर संपला. माझा एक दात हलतोय.

रविवार, २५ ऑगस्ट
मुलांना सुट्टीच्या दिवशी बोलावून दुसरा बॅनर केला. वाळायला बाहेर उभा केला. वारा आला. बॅनर उडाला तो थेट मिसेस पास्कोंच्या गाडीच्या काचेवर, आणि त्या तेव्हा गाडी चालवत होत्या. त्यांनी कचऱ्याचे तीन डबे आणि हॉलचा झेंड्याचा खांब पाडला. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. खांब माझ्या खांद्याला चाटून गेला.

मुलं हिरमुसली होती. मी चिकाटीवर बोलायला सुरुवात केली, तर टालुलाने हात वर केला. म्हणाली, नेव, भाषण नको, कागद दे.

सोमवार, २६ ऑगस्ट. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत
विचार केला. बावीस वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात लोकांना न तुटणाऱ्या वस्तू विकतोय, आणि बॅनर मात्र क्रेप कागदाचा. दोन आठवडे खपायचं आणि तीन सेकंदांत फाडायचा, हे मला कधी पटलेलंच नाही. त्या वेळचा बॅनर माझ्या आईने चिकटवला होता. तो फाडवेना, म्हणून मी बाजूने गेलो. खरं कारण हे.

तर निर्णय: तिसऱ्या बॅनरला पाठीमागून शेडनेट लावणार. टोमॅटोवर घालतो तीच, हिरवी, गारपीट सोसणारी. कडांना नायलॉनची दोरी. आता वाऱ्याच्या बापाला फाटणार नाही.

डेल्माने फोनवर विचारलं, आणि मुलांना?

सर्व विचार केलेला आहे. एका टोकाला, 'हार'च्या अलीकडे, जाळीत माणूस जाईल एवढी उभी चीर. वरून क्रेप कागद. मी पहिला तिथून घुसणार, कागद फाटणार, माझ्या मागून ओळीने सगळी मुलं. लांबून कोणाला काही कळायचं नाही. ह्याला वळसा म्हणत नाहीत. ह्याला व्यवस्था म्हणतात.

गुरुवार, ५ सप्टेंबर
मागच्या गुरुवारचं लिहायचं राहिलं. नाकात कापूस होता.

बॅनर तयार. ब्रॉक त्यावर झोपला तरी काही झालं नाही. आज हॉलमध्ये टांगून सराव केला. बॅनरसमोरून धावत यायचं आणि हातभर अंतरावर थांबायचं. शेवटचा थांबला नाही की सगळे एकमेकांवर. बारा वेळा केलं. एक ओठ, दोन गुडघे, एक चष्मा. चिरेबद्दल मी मुलांना सांगितलेलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की माझ्या मागे राहा आणि पुढे काहीही आलं तरी थांबू नका, वळू नका.

ऑटोने विचारलं, नेव, तू पण नाही ना वळणार?

म्हटलं, अजिबात नाही. मनातल्या मनात खूण पक्की आहे: धावताना माझ्या डाव्या हाताला चीर.

शनिवार, ७ सप्टेंबर. सकाळी ७
झोप नीट लागली नाही, पण ती उत्साहाने. गणवेशाला इस्त्री. स्कार्फ. अख्खं गाव येणार. केलने निरोप पाठवला, वळसा, दोन वाजता. त्याने शेवटचं म्हणून घ्यावं.

मंगळवार, १० सप्टेंबर. हॉस्पिटल
उजव्या हाताने लिहितोय. डावा गळ्यात बांधलेला.

क्रमाने लिहितो. दोन वाजता आम्ही कपडे बदलायच्या खोलीतून निघालो. पुढे मी, मागे नऊ कब, त्यांच्या मागे आमच्या संघाचे बावीस खेळाडू. मैदानाच्या तोंडाशी बॅनर उभा, एका खांबाला केल, दुसऱ्याला त्याचा भाऊ. लोक ओरडत होते. वळसा, वळसा, वळसा.

मी जीव खाऊन धावलो. आयुष्यात इतका कधी धावलो नव्हतो. डावीकडे रोख धरला. आणि अगदी जवळ गेल्यावर लक्षात आलं की समोर अक्षरंच नाहीत.

बॅनरवरचा मजकूर मैदानातल्या लोकांना वाचायचा असतो. आतून धावत येणाऱ्याला त्याची पाठ दिसते. हे वांडारीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही असा गावात एकच माणूस निघाला. हॉलमध्ये बारा वेळा समोरून सराव केलेला. चीर आता उजवीकडे होती, माझ्यापासून जवळजवळ सहा मीटर दूर.

शेडनेटने मला घेतलं आणि परत दिलं. नाक गेलं ते तेव्हा. परत येताना ब्रॉक लागला, खांद्याचं हाड ते. मग आठ कब माझ्या अंगावरून गेले. मी त्यांना सांगितलंच होतं, थांबू नका.

ते थांबले नाहीत. जाळीवर आपटले, पडले, उठले, पुन्हा आपटले. जुळी वर चढली. ब्रॉक डोकं खाली घालून एडक्यासारखा चार वेळा गेला. एक खांब मोडून केलच्या कपाळावर पडला, त्याला सहा टाके. खेळाडूंनी मदतीला हात लावला तर आयव्ही त्यांतल्या एकाला चावली. टालुलाने खालच्या कोपऱ्यातली दोरी दातांत धरली आणि सोडलीच नाही. तिच्या हनुवटीवरून रक्त येत होतं. मी जाळीखालून बघत होतो. अकरा मिनिटं लागली. अंपायरने घड्याळ लावलं होतं.

मग जाळी टर्रकन फाटली, बरोबर मधोमध, आणि नऊच्या नऊ मुलं मधून गेली. लोक उठून उभे राहिले. समोरच्या संघाचे लोकसुद्धा.

मला रडू आलं. नाक दुखत होतं म्हणून नाही.

स्ट्रेचर आलं. फाटलेल्या जागेत खेळाडूंची गर्दी होती, मुलांना खांद्यावर घेतलेलं. ॲम्ब्युलन्स पलीकडे. म्हणून स्ट्रेचरवाल्यांनी मला बॅनरच्या बाजूने नेलं. सगळ्या गावासमोर, वळसा घालून.

गुरुवार, १२ सप्टेंबर. घरी
दुपारी टालुला आली. पुढचे दोन दात नाहीत. दुधाचे होते म्हणाली, तसेही पडणारच होते. हिरव्या जाळीचा एक तुकडा माझ्यासाठी आणला होता. डेल्माने तिला बिस्किटं दिली. ती तिने दाढांनी खाल्ली.

मी विचारलं, गावात मला आता काय म्हणतात?

वळसाच, म्हणाली. स्ट्रेचर बाजूने गेलं ना.

मग ती म्हणाली, ती चीर होती ना, ती आम्हाला माहीत होती. ऑटोचं डोकं गेलं होतं तिच्यातून. ब्रॉक म्हणाला, हे नेवचं दार आहे, कोणी हात लावायचा नाही. शनिवारी उजवीकडे दिसत होती, पण तू म्हणाला होतास वळायचं नाही.

ती बिस्किटं संपवत बसली. मग तिने विचारलं, तुझ्या पहिल्या मॅचला तू बाजूने का गेलास?

म्हटलं, बुटाची नाडी सुटली होती. ती बघत राहिली. भुवया त्या डब्यावरच्यासारख्या.

मला भीती वाटली होती, म्हटलं.

कशाची?

कागदाची.

मग म्हणाली, पुढच्या गुरुवारी ये. सहाला. आम्ही फाटकापाशी थांबतो.

ती गेल्यावर डेल्माने बिस्किटांची बशी उचलली. मग म्हणाली, गणवेशावरचं रक्त काढून ठेवते.

आजपासून सगळं खरं लिहायचं. आजपासून पुढूनच जायचं.

गुरुवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळी ७.३०
दिवसभर ढग. हात गळ्यात, गणवेश स्वच्छ. पावणेसहाला निघालो. कोपऱ्यावरूनच फाटकावरचा मॅगपाय दिसला. त्याने मला ओळखलं असावं, मान वळवली. टाके अजून ओले आहेत. डॉक्टरने डोक्याला जपा म्हणून सांगितलंय, म्हणजे विचारलं असतं तर सांगितलंच असतं. मागच्या गल्लीने गेलो. लांब पडतं, पण रस्ता चांगला आहे.

मागच्या दाराने हॉलमध्ये शिरलो. आत कोणी नव्हतं. पुढच्या खिडकीतून पाहिलं तर नऊही कब फाटकापाशी रांगेत उभे होते, तोंडं रस्त्याकडे, डोक्यांवर आइस्क्रीमचे डबे. टालुलाच्या हातात दहावा डबा. त्याला चष्मा रंगवला होता, माझ्यासारखा. मॅगपाय तारेवर गप्प बसला होता. डब्यांच्या मागचे नऊ जोड्या डोळे थेट माझ्याकडे बघत होते.

पुढून गेलो नाही, कारण ऊन डोळ्यांवर येत होतं.