गुरुवारी खाट कुणाची

संत तुकाराम नगर, पिंपरी
गुरुवार, दुपार

प्रिय विजू,

पाचगणीच्या शाळेतली ती आजाऱ्यांची खोली तुला आठवते का? बाहेर मैदानावर सगळा वर्ग ड्रिल करतोय आणि आपण दोघी एकाच लोखंडी खाटेवर, तू उशीच्या बाजूला, मी पायथ्याशी, अंगावर एकच बोचरं घोंगडं. ताप दोघींनाही नाही. सिस्टर बेनेडिक्टा थर्मामीटर देऊन दाराकडे वळल्या की तू तो चहाच्या कपाला टेकवायचीस. (माझा एकदा इतका चढला, की सिस्टर औषध द्यायचं सोडून गुडघ्यावर बसून प्रार्थनाच करायला लागल्या.) तुझे पाय बर्फासारखे असायचे आणि ते तू खुशाल माझ्या पोटरीला चिकटवायचीस. पेरूची फोड खात तू म्हणाली होतीस, की मोठेपणी आपण असंच एखादं काम शोधायचं, आडवं पडून करता येईल असं. मला ते इतकं पटलं होतं, की आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी सुटलाच होता.

तर, सप्रेम आठवण. तुझा गुडघा कसा आहे? साताऱ्यात थंडी पडली असेल, मोजे घालतेस ना? मागच्या पत्रात तू लिहिलंस, की उद्धवराव गेल्यापासून कुठे जाणंच नको वाटतं, आपल्यामुळे दुसऱ्याला उठबस नको. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्यावर काहीतरी शहाणपणाचं लिहायला बसले होते, पण इथे घरात असा गोंधळ आहे की आधी तोच सांगते. शेवटी तुझा सल्लाही हवा आहे. सल्लाच फक्त. काम काही नाही.

आमचे श्यामराव कंपनीतून निवृत्त झाले हे तुला माहीत आहे. सत्काराच्या दिवशी नारळ-शाल घेऊन घरी आले आणि सोफ्यावर बसून त्यांनी जाहीर केलं, की जन्मभर घाम गाळून मिळवलं, आता जे मिळवायचं ते न हलता. फोनवर एक तरुण मुलगा आहे, पोहण्याच्या तलावाकाठी सूट घालून उभा असतो. (सूट घालून तलावाकाठी का, हे मला अजून कळलेलं नाही.) तो सांगतो, की जो झोपेत कमवत नाही तो मरेपर्यंत राबतो. श्यामरावांनी हे इतकं मनावर घेतलं, की आधी झोपेपासून सुरुवात केली. दुपारी कानाशी फोन ठेवून पडायचे आणि त्यातून एक बाई संथ आवाजात सांगत राहायची, की मी समृद्ध आहे, माझ्याकडे सगळं आपोआप येत आहे. येत मात्र फक्त चहा होता, आणि तोही आपोआप नव्हे. मग पोट कमी करण्याचा पट्टा आला. खुर्चीत बसायचं, पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, व्यायाम यंत्र करतं. पोट जिथल्या तिथे राहिलं, पण खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, की तुमच्याकडे पिठाची गिरणी घातली का.

तेव्हा दौलतराव भेटले. हे श्यामरावांचे कंपनीतले जुने सोबती, मूळचे चाकणजवळच्या निघोजे गावचे. चाकणला कारखाने आले तसं यांनी घरामागे खोल्या बांधल्या आणि त्या खाटेच्या हिशेबाने भाड्याने दिल्या. एका खाटेवर पहिल्या पाळीचा मुलगा रात्री झोपतो, तो कामावर गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच खाटेवर आडवा होतो. मी तोंडाला पदर लावला तर दौलतराव मला म्हणाले, “वैनी, आमच्याकडं खाट गार व्हतच न्हाई.” श्यामरावांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

आमच्याकडे अर्णवची खोली रिकामीच आहे. तो जर्मनीला गेला तशी ती मी रोज झाडते, पडदे धुते, त्याच्या टेबलावरची पेनं पुसून पुन्हा त्याच कपात ठेवते. खाट एक. श्यामरावांचा बेत असा, की मुलगे नकोत, दोन मुली ठेवायच्या. एक दिवसा कामाला जाणारी, एक रात्री. खाट एक, भाडं दोघींचं, कष्ट शून्य. तलावाकाठचा मुलगासुद्धा याच्यापुढे हात टेकेल.

मुलीही अगदी मापाने शिवल्यासारख्या मिळाल्या. वर्षाली गेवराईकडची, चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कारखान्यात, पहिली पाळी. कंपनीची बस तिला उजाडायच्या आत नेते आणि ओव्हरटाइम करून ती दिवेलागणीला येते. दिव्या चिपळूणची, इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स, हिवाळाभर रात्रपाळी. एक जिना चढते तेव्हा दुसरी उतरत असते. दिव्याची सुट्टी ती दापोडीला मावशीकडे काढते. सगळं चोख बसलं होतं.

आणि पहिला गुरुवार आला.

विजू, तुला साताऱ्यात हे माहीत नसेल, पण आमच्याकडे कारखान्यांना रविवारी नव्हे, गुरुवारी सुट्टी असते. इथलं लहान मूलसुद्धा हे जाणतं. श्यामरावांनी उभी नोकरी गुरुवारच्या सुट्टीवर काढली. आमचं लग्न गुरुवारी, अर्णवचं बारसं गुरुवारी, गॅस-दुरुस्तीसुद्धा गुरुवारी. आणि नेमके तेच विसरले! मी विचारलं, असं कसं झालं, तर फार खिन्न होऊन म्हणाले, “अगं, निवृत्त झाल्यापासून मला रोजच गुरुवार आहे.” तर त्या सकाळी वर्षाली पांघरूण डोक्यावरून घेऊन आठवड्याची झोप भरून काढत होती आणि दिव्या रात्रभर वॉर्डात उभी राहून, सुजल्या पायांनी, खोलीच्या दारात. श्यामराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघत होते, की जणू ते शेजाऱ्यांनी मुद्दाम छापून आणलंय.

दिव्याला मी माझ्या खाटेवर झोपवलं. दुसरं काय करणार होते? त्या दिवसापासून दर गुरुवारी माझी खाट दिव्याची, आणि मी बाहेर दिवाणावर, श्यामरावांचं घोरणं ऐकत. पण खरी गंमत पुढे आहे. माणूस दिवसा झोपणार म्हणजे घरात आवाज नको. म्हणून कुकर बंद, वरण पातेल्यात. दाराच्या घंटेला श्यामरावांचा जुना मोजा बांधला. फोनवर ओरडून बोलणारे श्यामराव आता कपाटामागे जाऊन कुजबुजतात. (त्यांच्या बहिणीला वाटलं, आमचं भांडण झालंय.) तो पट्टा तर पहिल्याच दिवशी बंद झाला. छबूबाई भांडी घासते ती जणू अंडी धुतल्यासारखी, आणि जाताना रोज सुनावते, “खाट येक आन् चादरी दोन धुवायच्या, ही कुठली रीत वो बाई?” तेव्हा तलावाकाठच्या मुलाचं खरं आहे, पैसे झोपेतच मिळतात. फक्त झोप आपली नसते.

आणि तरी, विजू, खरं सांगू? घराला पुन्हा वेळा आल्या. पहाटे डबा, सकाळी दिव्याचा उपमा, संध्याकाळी दोघींच्या पायऱ्यांवरच्या चपला. त्या जिन्यापुरत्याच भेटतात, पण एकमेकींसाठी उशीवर काहीतरी ठेवून जातात. चिक्कीचा अर्धा तुकडा, केसांची पिन, डोकं दुखतं म्हणाली होतीस म्हणून बामची डबी. मी चादर बदलायला गेले की ते उचलते आणि नव्या चादरीवर जिथल्या तिथे ठेवते. गुरुवारी तिघी मिळून केसांना तेल लावतो. वर्षाली मला विचारते, काकू, तुमच्या शाळेत खरंच जेवताना बोलायचं नव्हतं का, आणि मी तिला आपल्या आजाऱ्यांच्या खोलीची गोष्ट सांगते. ती तिला पाठ झाली आहे. तरी थर्मामीटरशी आली की हसते.

आता मुद्दा. वर्षालीच्या कारखान्यात नवं काम आलंय आणि पुढच्या महिन्यापासून तिला रात्रपाळी लागली. नाही म्हणायची सोय नाही. म्हणजे दोघी रात्री बाहेर, दोघी दिवसा घरात, आणि खाट एक. श्यामराव म्हणाले, एकीला जा म्हणावं लागेल, आणि ते तू सांग, तुझं बोलणं गोड आहे. (बिनकष्टाचा मार्ग यांना बरोबर सापडतो.) मी म्हटलं, दुसरी खाट टाकू. तर म्हणाले, टाक, पण कुठे? आणि खोलीत अर्णवच्या टेबलाकडे बघायला लागले. टेबलाला मी गेली कित्येक वर्षं कुणाला हात लावू दिलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. मी फडकं घेऊन पेनं पुसायला लागले.

दिव्याला सांगायचं ठरवलं. तिला बसवून शिरा खायला घातला, तिच्याकडून माझं ब्लडप्रेशर मोजून घेतलं, ते वाढलेलं निघालं, मग तिनेच मला आडवं केलं आणि तिथे तो विषय संपला. मग वर्षालीला सांगायला गेले. वेणी घालायला तिचे केस हातात घेतले, म्हणजे तोंड दिसायला नको. मी घसा साफ करतेय तोवर तीच पुढे बघत म्हणाली, “काकू, मी निघोजेला खाट बघून आले. कंपनीजवळच पडतंय. दिव्याताईला ठेवा तुमी, तिच्या पायाला लई सूज येतीया.” आणि आज सकाळी दिव्या माझ्या खाटेच्या कडेवर बसून, पायातला मोजा काढता काढता म्हणाली, “काकू, मी मावशीकडे जाईन. वर्षालीचं इथं कोण आहे?” मावशीचं घर म्हणजे दापोडीला रेल्वेलगतच्या गल्लीत एक खोली आणि तीत मावशीचंच सगळं कुटुंब. दिवसा तिथे झोपायचं म्हणजे गाड्यांच्या खडखडाटात आणि पोरांच्या अभ्यासात.

मी दोघींनाही, बघू, एवढंच म्हणाले. श्यामरावांना सांगायला आले तर ते कपाटामागे उभे होते, फोन न लावताच.

तर मी मनाशी ठरवून टाकलंय. आपलं वय झालं. हा कुकर, हा मोजा, ही माझीच खाट सोडून दिवाणावर झोपणं, हे आता पुरे. येत्या रविवारी दोघींनाही प्रेमाने सांगणार आणि खोली पहिल्यासारखी बंद करून टाकणार. शांतता हवी माणसाला. तुला काय वाटतं ते निवांत कळव, घाई नाही. गुडघ्याला जप. इकडचे आम्ही दोघेही तुझी रोज आठवण काढतो, त्यातला एक मोठ्याने आणि एक कुजबुजत.

तुझी,
वासंती

ता. क. वरचं रविवारचं खोडून वाच. पत्र पाकिटात घालायच्या आधी मी अर्णवच्या खोलीत पेनं पुसायला गेले होते. दिव्या माझ्या खोलीत माझ्या खाटेवर झोपलेली, वर्षाली इथे अर्णवच्या. अर्णवचं टेबल मी आणि श्यामरावांनी उचलून आवाज न करता बाहेर काढलं. माझ्या मनात ते फार जड होतं, उचललं तर एवढंसं हलकं निघालं. अर्णवला फोन केला, तर म्हणाला, आई, ते टेबल अजून आहे?

ता. क. दुसरं. भिंतीशी आता एका खाटेपुरती जागा झाली आहे. तुझ्या मागच्या खोलीत उद्धवरावांच्या दवाखान्यातल्या लोखंडी खाटा उभ्या करून ठेवल्या आहेत ना? त्यातली एक मला हवी आहे. आमच्या ओळखीचा नवनाथ त्याचा टेम्पो घेऊन साताऱ्याहून चाकणला माल आणतो. मंगळवारी तो तुझ्या दारात येईल. तू म्हणशील, पिंपरीत काय खाटा मिळत नाहीत? मिळतात गं, आमच्या कोपऱ्यावरच दुकान आहे. पण दुकानातली खाट एकटी येते. नवनाथच्या शेजारची सीट मोकळी असते, आणि मी त्याला सांगून ठेवलंय की खाट आणि बाई दोन्ही आणायच्या, एक राहिली तर दुसरीही तिथेच ठेवून ये. तुला काही करायचं नाही. चढायचं आणि बसायचं. आपण शोधत होतो ते काम हेच.

ता. क. शेवटचं, म्हणजे तू आल्यावर वाद नकोत. खिडकीजवळची अर्णवची खाट वर्षालीला. तुझी लोखंडी खाट दिव्याला, पायाखाली दोन उशा घालून. टेबल छबूबाईच्या नातीला, पेनांच्या कपासकट. पट्टा दौलतरावांना, त्यांचं पोट श्यामरावांपेक्षा पुढे आहे. घंटेवरचा मोजा आहे तिथेच राहील, जोडीतला दुसरा श्यामरावांना. दिवाणही त्यांनाच, कायमचा, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तू आलीस की आपण दोघी मिळून सांगू. माझी खाट तुला आणि मला. उशीची बाजू तुझी. पाय कुठे ठेवायचे ते तुला माहीत आहे.