हो म्हणायला घरात कुणीतरी

अप्पा, तुमच्या पुस्तकासाठी परवानगी मागणारं पत्र येऊन आठ महिने झाले आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. गुरांच्या डॉक्टरकीचं शिकणारी एक मुलगी आहे. तुमचं शेळ्यामेंढ्यांच्या आजारांचं पुस्तक तिला स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायचंय, कुणालाही फुकट वाचता येईल, उतरवून घेता येईल, पुन्हा छापता येईल असं. तुम्ही गेल्यापासून साठ वर्षं तरी हे माझ्या सहीशिवाय होणार नाही, असा कायदा आहे. आता गंमत बघा. कॉलेजच्या ग्रंथालयात दर वर्षी नव्या पोरापोरींना मी हेच शिकवते, मुक्त परवाना म्हणजे काय, ज्ञान अडवून कुणाचं भलं होत नाही वगैरे. लई तावातावानं शिकवते! आणि तिचं पत्र मात्र माझ्याच टेबलाच्या खणात पडून आहे.

पुस्तक बीडहून छापून आलं तो दिवस मला आजही दिसतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही नोकरीला होतात त्या केजच्या वाचनालयातून सायकलवर गठ्ठा बांधून आणलाय आणि पायसुद्धा न धुता सुतळी सोडताय. मी चौथीत. आतलं पान उघडून तुम्ही बोट ठेवलंत, ‘सर्व हक्क : कुमारी’ आणि पुढं माझं नाव. आई म्हणाली, “लोकं बायकूचं नाव घालतेत म्हणं. आमचं कावून न्हाई?” तुम्ही हसून म्हणालात, “तुझ्याकडं आख्खा मीच हाय की!” आई पदर तोंडाला लावून हसली. मी ते पान साऱ्या शाळेला दाखवलं. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

ते पाय तुम्हीच जमिनीवर आणलेत. उन्हाळा होता, मी वाचनालयात तुमच्या टेबलाशेजारी बसले होते. एक मेंढपाळ बाई आली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिथं पेपर वाचत बसलेल्या गुरुजींकडून ती पोटफुगीच्या औषधाचं पान वहीत उतरवून घेत होती. मी जाऊन वही ओढली. “हक्क माझे हायत. मला इचारलं न्हाई!” तुम्ही उठून आलात. हात उगारला नाहीत, पण तुमचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. “लाज वाटती का गं? तिच्याच सासऱ्यानं सांगितल्यालं औषध हाय ते. खाली नाव वाच. मोठ्यानं वाच.” प्रत्येक औषधाखाली तुम्ही सांगणाऱ्याचं नाव आणि गाव छापलं होतं. मी रडत रडत वाचलं. ती बाईच बिचारी कानकोंडी झाली, म्हणाली, “ऱ्हाऊ द्या साहेब, लेकरू हाय.” घरी जाताना मी सायकलच्या दांडीवरून विचारलं, मग माझं नाव घातलंच कशाला?  पायडल मारता मारता तुम्ही म्हणालात, “उद्या मी नसंल. कुणी इचारत आलं तर हो म्हणायला घरात कुणीतरी पायजे ना.”

गेल्या आठवड्यात एकजण विचारत आला. आष्टीकडचा, माझ्याच वयाचा मेंढपाळ, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकाचं नाव घेतच शिरला. मी कपाटाचं कुलूप काढून प्रत दिली. एवढी एकच उरलीय, शिवण सुटलेली. त्यानं पान काढलं, खिशातून मोबाईल काढला, आणि मी म्हणाले, “फोटो काढू नका. कॉपीराइट आहे.” स्वतःसाठी एखादं पान उतरवायला कायदाही आडवा येत नाही, हे मला तोंडपाठ आहे अप्पा. तरी म्हणाले. तो चिडला नाही. “म्याडम, औषध आमाला ठावं हाय. मी नावाचा फोटू काढतोय. आज्याचं नाव छापल्यालं दुसरं कुठंच न्हाई. आई सांगायची, केजला पुस्तकात हाय म्हून.” मी पान बघितलं. पोटफुगीचं. तुम्ही मला वाचायला लावलं होतं, तेच नाव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुस्तक उजेडात धरलं आणि त्यानं फोटो काढला.

त्या मुलीला काल ‘हो’ लिहून पाठवलं. कुणीही घ्यावं, छापावं, वाटावं. अट एकच, सांगणाऱ्यांची नावं गाळायची नाहीत. तुमचंही नाही. स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

आठ महिने का लावले, ते मात्र तिला लिहिलं नाही. लोकांना मी कायद्याचं कारण सांगत होते, ते खोटं होतं. आई गेल्यापासून माझ्यापुढं तुमचा विषय काढणारं कुणी उरलेलं नाही. वर्षा-दोन वर्षांतून एखादा माणूस पुस्तकासाठी यायचा, “तुमी त्येंची लेक का?” म्हणायचा, आणि मला दोन दिवस बरं वाटायचं. आता कुणाला माझ्याकडं यायची गरज पडणार नाही. हो म्हणून झालं, अप्पा. पण अजून एकदा कुणीतरी विचारायला यावं, असं वाटतंय.