माळ्यावरचा काचेचा घोडा

ता. ४

चि. सौ. नातीस, आजीचे अ. आ.

तू इथे विसरून गेलीस त्या वस्तू अशा: धाकट्या भिंगरीचा एक मोजा, थोरल्याची पाण्याची बाटली, आणि आपल्याला एक आजी आहे ही गोष्ट. पहिल्या दोन खुंटीला टांगल्या आहेत. तिसरी गुडघ्यांमुळे टांगता येत नाही, ती खुर्चीत बसून आहे.

नेहमीप्रमाणे बोलते मी आणि लिहिते खालच्या मजल्यावरची शिंपीण. मधेमधे थांबून ती विचारते, आजी, हे खरंच लिहू का? मी म्हणते, कापड माझं आहे बाई, तू आपली शिव.

आठवडा राहायचं ठरवून आलीस आणि तिसऱ्याच दिवशी बिछाने गुंडाळलेस. आतेसासूबाईंना बरं नाही, जायला हवं, म्हणालीस. परवा त्यांचंच खुशालीचं पत्र आलं. ठणठणीत आहेत, फक्त तुम्ही न कळवता उगवलात म्हणून जरा दमल्यात. अगं, थाप मारायची तर आजारी माणूस तरी नीट निवडावा. त्या बाईला सर्दीसुद्धा विचारून होते.

कारण मला ठाऊक आहे. दोन्ही दिवस तू त्या भिंतीवरच्या फळीकडे सारखी बघत होतीस. धूळ दिसली ना? माझे डोळे आता धुळीशी मिळतंजुळतं घेतात. पण लेकरं घेऊन आलेल्या बाईला स्वच्छ घर लागतं, हे मला कळायला हवं होतं. शिंपिणीकडून फळी दोनदा पुसून घेतली आहे.

भिंगरीची फार आठवण येते. स्वतः चघळलेला टोस्ट माझ्या तोंडात कोंबायची, आणि तू ओरडायचीस की उष्टं देऊ नको. तो मऊ झालेला टोस्टच काय तो माझ्या बोळक्या तोंडाला चावता आला गं.

नातजावयांच्या फिरतीच्या नोकरीतलं तिथलं लिफ्ट बसवायचं काम संपलं की तुम्ही इथूनच गाडी बदलाल. तेव्हा तरी राहा. घर पुसलेलं आहे.

पोरांच्या गालांना माझे हात लाव. माया आहे, ती तिथेच ठेव, उतू जाऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १३

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. स्वयंपाकघरही आपलं नाही, त्यामुळे रडणंही आटोपशीर.

आजी, धूळ नव्हती गं. फळीवर काहीच नव्हतं, म्हणून मी बघत होते. काचेचा घोडा नाही, निळे कप नाहीत, घड्याळ नाही, झालरीच्या उशासुद्धा नाहीत. जेवायला पत्र्याच्या ताटल्या. लहानपणी तो घोडा तू माझ्या हातात द्यायचीस. त्याचा कान माझ्याकडूनच तुटला, तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं, आता त्यालाही माझ्यासारखं कमी ऐकू येईल. त्याच घरात माझी पोरं यायच्या आधी सगळं दडवलेलं बघून मनात आलं, आजीला आता आमची भीती वाटते. विचारायला जीभ रेटली नाही. थाप मारली आणि निघाले.

इथे आतेसासूबाईंकडे सगळं जागच्या जागी मांडलेलं आहे, हात पोचेल असं. त्या वाईट नाहीत. पण भिंगरीने साखरेचं भांडं फोडल्यापासून मी दिवसभर तिला मांडीवर दाबून बसते. मधे चार दिवस नणंदेकडे राहून आलो, तिथेही तेच. ‘हात लावू नको’ इतक्यांदा म्हटलंय की आता कुठल्याही घराच्या दारात पोचलो की भिंगरी आपणहून दोन्ही हात पाठीमागे धरते. दीड वर्षाची पोर गं.

काल थोरल्याने विचारलं, “आपण पणजीकडेच का नाही राहत? तिथे कुणी नको म्हणत नाही.”

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, तू ते सगळं कुणासाठी माळ्यावर चढवलं होतंस.

आणि आता वाईट बातमी. यांना पुढचं काम समुद्रापलीकडे मिळालं आहे, दोन वर्षांसाठी. इथूनच थेट बंदरावर जायचं, सोमवारी. तुझ्या गावाला वळसा घालायला यांच्या साहेबांनी एक दिवसही दिला नाही. मी खूप भांडले.

माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी नात

ता. १६

चि. सौ. नातीस अ. आ.

शिंपिणीने तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाच म्हटलं तर म्हणाली, आजी, आता उत्तर सांगा.

ते मी तुझ्यासाठी चढवलं होतं गं. म्हटलं, दारोदार फिरून पोरीचा जीव ‘नको नको’ म्हणण्यात जात असेल, इथे तरी पाय पसरून झोपेल. शिंपिणीचा नवरा शिडीवर आणि खालून हुकूम मी. पण हे तुला सांगावं, हे डोक्यातच आलं नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. देवाने दोघींना तोंडं दिली. माझ्या तोंडात दात नाहीत तरी बोलायला चालतं. तेवढ्यासाठी आठवड्यातले चार-पाच दिवस हातचे गेले.

घोडा खाली काढला. फळीवर नाही, खालच्या तिपाईवर, भिंगरीच्या हाताला येईल असा ठेवला आहे. शिंपीण म्हणते, दोन वर्षांनी तिचा हात फळीलाच पुरेल. असू दे. तोवर तिपाई मला पुरते, बसल्या बसल्या घोड्याशी बोलता येतं. ऐकत नाही, पण तुझ्यापेक्षा जास्त दिवस राहतो.

पोरीचे हात पाठीमागून सोडव. बोटीवर पाण्याला हात लावू दे, वाऱ्याला लावू दे, ते कुणाचं फुटत नाही.

मला मिठाई नको, फळं नकोत. बंदरावरून टोस्टचा पुडा तेवढा पाठव. नवा कोरा नको. आधी भिंगरीच्या हातात दे, तिचं कुरतडून झालं की उरलेले बांधून टाक.

तुझी आजी