नवा पासवर्ड

३ नोव्हेंबर
ज्ञानदा खोलीबाहेर आली! तिची आई, चित्रा, गेल्यापासून पोट्टी आतच राहते, ताटही आतच नेते. आज स्वतःहून आली — "पापा, वायफाय नहीं चल रहा."
राउटरच जळला होता. शंकर नगरातून नवा आणला, नवा पासवर्ड टाकला. तिच्या फोनमध्येही मीच भरून दिला, एकेक अक्षर शोधत. ती बाजूले बसून होती. "पापा, वो वाला कैपिटल में." एवढंच बोलली. पण बोलली!

४ नोव्हेंबर
ऑफिस. घर. खिचडी. चित्राच्या साड्यांचं कपाट उघडलं, बंद केलं. काहीच वाटत नाही. रडूही येत नाही.

६ नोव्हेंबर
पासवर्ड बदलला. मुद्दाम.
तिच्या सिमचं नेट क्लासच्या व्हिडिओंमध्ये दुपारीच संपते. संध्याकाळी आली फोन घेऊन. "फिर से?" म्हटलं, कंपनीवालेच बदलवतात. धडधडीत खोटं! पासवर्ड सांगितला नाही, फोन हातात घेऊन सावकाश भरला. तेवढ्यात विचारून घेतलं — जेवली का? "हव."

९ नोव्हेंबर
पुन्हा बदलला. आज लांबलचक ठेवला. भरेपर्यंत तिनं माझ्यासोबत चहा पिला, क्लासच्या सरांची नक्कल केली. मले हसू आलं नाही. पण ऐकलं सगळं. ही पण गेली तर माझ्याजवळ कोणी उरत नाही.

१२ नोव्हेंबर
पासवर्ड बदलला, तरी आली नाही. वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीवहिनींनी त्यांचा पासवर्ड देऊन टाकला! जिन्यात भेटल्या — "भाऊजी, काहून त्रास देता पोट्टीले? तुमचं नेट रोजच बिघडून राहिलं. आमचं वापरू द्या." बरं म्हटलं.

१५ नोव्हेंबर
वहिनी सकाळीच गावी, अभनपूरले गेल्या, घरचं मेन स्विच बंद करून. म्हटलं, आज संध्याकाळी तरी ज्ञानदा माझ्याकडे येईल. नवा पासवर्ड टाकून ऑफिसले निघून गेलो.
आणि आज तिची ऑनलाइन टेस्ट होती! मले पत्ताच नाही. ती फोन करत राहिली, मी मीटिंगमध्ये. टेस्ट गेली.
घरी आलो तर तिच्या खोलीचं दार आतून लावलेलं. बाहेर उभं राहून खरं सांगून टाकलं — कंपनी-बिंपनी काही नाही, मीच बदलतो, तू बाहेर यावं म्हणून. आतून म्हणाली — "मम्मी ऐसा कभी नहीं करती."
बरोबर आहे तिचं. लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

१६ नोव्हेंबर
पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवला. लिहिलं — आता कधीच बदलणार नाही. ऑफिसले गेलो.

१९ नोव्हेंबर
खिचडी. ताट दाराशी ठेवलं, रिकामं परत आलं. तिचं नेट चालू आहे, आतून क्लासचा आवाज येते. चांगलं आहे. अभ्यास झाला पाहिजे.

२० नोव्हेंबर
तेच.

२३ नोव्हेंबर
ज्ञानदा बाहेर आली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली, फोन पुढे केला. "पापा, पासवर्ड डाल दो."
पाहिलं. फोन वायफायले जोडलेलाच होता.
म्हटलं, बस. वेळ लागेल.