मेंढ्याचा होकार

प्यानेप्सिऑन महिना, दिवस एकविसावा

ती. थिआनोताईस,
मेनेक्लिसचा सा. नमस्कार. ही मेणाची पाटी कोळसेवाल्याबरोबर पाठवतो आहे. दाजींकडून वाचून घे, पण मोठ्याने नको.

परवा सकाळी उजाडताच विहिरीवर हातपाय धुतले, डोक्याला पानांची माळ बांधली आणि काशाचे भांडे भरून वेदीपाशी गेलो. यंदा सोडतीत भावकीची पूजा माझ्याकडे आली आहे, हे तुला कळले असेलच. निकोन कुंभाराच्या फिलिनोसचे नाव भावकीत घालायचे होते. पोराने केस कापून देवीला वाहिले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते. मेंढा निकोननेच आणला होता.

थ्रासिलस अगदी पुढे उभा. फिलिनोसची आई बेटावरची, म्हणून पोर आपले नव्हे, असे तो वर्षभर गावात सांगत फिरतो आहे. ती जन्मली पलीकडच्याच गावात. लढाईच्या दिवसांत तिला बेटावर नेले आणि तिथे ती वाढली, एवढेच. पण बोलण्यातला हेल काही गेला नाही. कुणाची हरकत असेल तर त्याने वेदीपासून मेंढा ओढून न्यावा, ही आपली रीत. थ्रासिलसला त्यासाठी निमित्त हवे होते.

मी मेंढ्याच्या कपाळावर पाणी शिंपडले, हलक्या हाताने. मुके जनावर, जाताना त्रास नको. त्याने मान हलवली की तो त्याचा होकार, आणि मगच सुरी. तो हलला नाही. पुन्हा शिंपडले. तो माझ्याकडे बघत उभाच. बाकी सगळे त्याच्या पाठीमागे, तोंडासमोर मी एकटा. थ्रासिलसचा हात दोरीकडे जाताना दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेले, की हलवली.

मटण सगळ्यांनी खाल्ले. मी हात लावला नाही.

ताई, जनावर हो म्हणाले नाही, तर नाव लागले की नाही? खोटे माझे, पण त्याच्यावर त्या पोराचे नागरिकपण उभे आहे. सोडत नव्हती तेव्हा बाबांनी वीस वर्षे पूजा केली, त्यांचा एकही मेंढा अडला नाही. ते काय करीत, तुला आठवते का?

हे वाचूनही लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
मेनेक्लिस


अथेन्स, दिवस पंचविसावा

चि. मेनेक्लिस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना हे इतके हसले, की पाटी हातातून पडली आणि कोपऱ्यातलं मेण निघालं. उरलेल्या जागेत मी आता यांच्याकडून काय काय लिहवून घेऊ? मला हसू आलं नाही. मला आधी सांग, मेंढ्याचा कुठला कान तुझ्या बाजूला होता?

विचारते, कारण मला ठाऊक आहे. जवाची टोपली डोक्यावर घेऊन मी बाबांच्या शेजारी उभी असायची आणि तू मागे, मोठ्या माणसांच्या पायांत. बाबा कपाळावर शिंपडायचे आणि शेवटचं थोडं पाणी हळूच डाव्या कानात सोडायचे. कानात पाणी गेल्यावर कोण मान हलवणार नाही? मी एकदा त्यांना विचारलं. तर म्हणाले, पाणी कुठे पडावं हे देवाने सांगितलेलं नाही, आणि तू टोपली सरळ धर.

तू आपला लहानपणापासून मुंगीलाही वाट करून देणारा. कपाळावर शिंपडलंस आणि वाट बघत बसलास.

आता गप्प राहा. सांगितलंस तर तुझं मन हलकं होईल आणि कुंभाराच्या पोराचं नाव जाईल. केस परत उगवतील, नाव परत लागायचं नाही. हे मात्र म्हणतात, की थ्रासिलसला पुढे कधी कुणकुण लागली तर नाव तेव्हाही जाईल, आणि बापलेकांची शोभा होईल ती वेगळी. दोन्ही ऐकून तू ठरव. तू कुणाचं ऐकतोस म्हणा.

सुके अंजीर पाठवते आहे. सगळे वाटून टाकू नकोस. बहिणीवरची माया आहे तशी ठेव.
थिआनो


मैमाक्टेरिऑन महिना, दिवस दुसरा

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझे पत्र आले त्याच दिवशी आपला म्हातारा मेंढा परसात बांधला. कपाळावर पाणी घातले, तो खांबासारखा उभा. डाव्या कानात घातले, तर मान थेट जमिनीला. सात वेळा करून पाहिले. आठव्यांदा त्याने मला ढुशी दिली. बायकोने दारातून विचारले, की परीक्षा मेंढ्याची चालली आहे की देवाची.  बाबांच्या वीस वर्षांत देव किती आणि पाणी किती, हेच चार दिवस डोक्यात होते.

काल भावकी पुन्हा जमली. वेदीसमोर उभे राहून सांगितले, की त्या दिवशी मेंढा हलला नव्हता. मी खोटे बोललो, पोराचा यात दोष नाही. माझा मेंढा आणला आहे, पुन्हा विचारू. निकोनने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी त्याच्या पेटत्या भट्टीत पाणी ओतले. फिलिनोस डोक्यावरून हात फिरवत होता. खुंट नुकते उगवले आहेत. थ्रासिलस ओरडला, की या लबाडाच्या हातात भांडे नको. त्याचे बरोबरच होते. मी भांडे त्याच्याच हातात दिले.

त्याने रागाच्या भरात ते सगळेच्या सगळे मेंढ्याच्या डोक्यावर उपडे केले. मेंढ्याने अशी मान झटकली, की थ्रासिलसचे नवे वस्त्र आणि पुढची सगळी रांग भिजली. पहिला हसला तो निकोन. आणि भांडे ज्याच्या हाती त्यानेच होकार सांगायचा, म्हणून हलवली हे थ्रासिलसला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले.

नाव लागले. पूजा माझ्याकडून काढून घेतली, तेही योग्यच. मटण वातड निघाले, पण या वेळी मी खाल्ले.

अंजीर पोचले, निम्मे वाटले. रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.
तुझा,
मेनेक्लिस

ता. क. डाव्या कानाचे मी कुणाला सांगितलेले नाही. थ्रासिलस रागाच्या भरात कसे ओतेल हे ठाऊक असून मी भांडे दिले का, हे तू विचारशीलच. आज सकाळी वेदीपुढे हात जोडून मीही तेच विचारले.  पण खोटे परत घेतले आणि भांडे हातातून सोडले, एवढे मी केले.