खूण कधी पुसायची

चंदीगड, मंगळवार, संध्याकाळ

प्रोग्रामच्या मेमरीतलं जे पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, बदलेल, त्यावर आमची सिस्टिम खूण करते. मग तेवढीच पानं टेपवर उतरवायची. खूण वाचली की लगेच पुसावी, हा माझा हट्ट. सोबत काम करणारा हरप्रीत भांडला, "यार, पहले कॉपी तो पूरी होने दे!" शेवटी वैतागून मी त्याचं मानलं. आज टेप मध्येच अडकली, पण खुणा शाबूत, म्हणून राहिलेली पानं कळली. काही हरवलं नाही. हुश्श!

तेवढ्यात कर्फ्यूची बातमी आली. तो स्कूटरवरून डेराबस्सीला, घरी निघाला. म्हटलं, फोन आल्याशिवाय तुझी खूण पुसणार नाही. हसला. इथे माझ्या जिन्यावर फेऱ्या सुरू. निघाला म्हणजे पोहोचला का?

आत्ता खाली घरमालकांकडे फोन आला.

"पहुंच गया, यार. अब मिटा दे."